आत्यांची एंडोस्कोपी झाली, आता घरी काय काय बघायचं?

जांबोटीच्या पुढच्या एका गावातून एका सूनबाईंनी विचारलंय. थोडक्यात प्रश्न असा: "सासूबाई 62 वर्षांच्या आहेत, आम्ही त्यांना आत्या म्हणतो. दोन महिने पोटात जळजळ, जेवलं की घशाशी येतं, वजनही उतरलंय. गुरुवारी बेळगावात एंडोस्कोपी आहे, झोपेचं इंजेक्शन देऊन करणार आणि बहुतेक तुकडाही काढणार असं डॉक्टर म्हणालेत. त्यांना शुगर आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत, रक्त पातळ करायची एक गोळीही आहे. माझे मिस्टर गोव्यात कामाला, ते संध्याकाळी मोटरसायकल घेऊन न्यायला येतो म्हणतात. घरी आणल्यावर आत्यांना काय खायला घालू, गोळ्या कधी देऊ, आणि कशाला घाबरायचं, कशाला नाही?"

ताई, मी बेळगावात एंडोस्कोपीच्या खोलीत 22 वर्षं सिस्टर म्हणून काम करते. तोंडातून पोटात नळी घालून आतून बघतात ते डॉक्टर. पेशंटला बाहेर आणून कॉटवर निजवायचं, नीट जागं होईपर्यंत जवळ थांबायचं आणि घरच्या माणसाला समजावून सांगून वाटेला लावायचं, हे माझं काम. मी सांगतेय ते त्या कॉटशेजारी उभं राहून बघितलेलं आहे. तुमच्या डॉक्टरांनी कागदावर काही वेगळं लिहून दिलं तर त्यांचंच ऐका, कारण आत्यांच्या पोटात काय दिसलं ते त्यांनी बघितलेलं असेल.

तुमच्या पत्रात मोटरसायकल सहज येऊन गेलीय. मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळ्यापेक्षा मला तिचीच काळजी जास्त वाटली.

काही वर्षांपूर्वी हुक्केरीकडच्या एक आजी आल्या होत्या. तपासणी दहा मिनिटांत आटोपली, आत काही विशेष निघालं नाही. तासाभराने आजी उठून बसल्या, स्वतःच्या हाताने चपला घातल्या, माझ्या मुलांची चौकशी केली. मुलाला वाटलं आई ठणठणीत आहे. मी गाडी करा म्हटलं, तो हो म्हणाला, आणि खाली जाऊन त्याने आईला मोटरसायकलवर मागे बसवलं. काकती ओलांडल्यावर गार वारा लागला, आजींना डुलकी आली आणि त्या कलंडल्या. गळ्याजवळचं हाड मोडलं. मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर गेटपर्यंत खाली उतरले नाही, याची मला अजून रुखरुख आहे. तेव्हापासून मी पेशंट कशात बसून जाणार हे विचारल्याशिवाय सलाईनची सुई काढत नाही.

याचं कारण समजून घ्या. झोपेसाठी बहुतेक ठिकाणी मिडाझोलाम किंवा प्रोपोफॉल वापरतात, कधी जोडीला दुखू नये म्हणून आणखी एखादं औषध. प्रोपोफॉल दिसायला दुधासारखं पांढरं असतं आणि उतरतं लवकर. मिडाझोलाम रेंगाळतं, वय झालेल्यांत जास्तच. माणूस बोलतो, चालतो, ओळखतो, पण तोल आणि चपळाई पूर्ण परत आलेली नसते. म्हणून 24 तास धरायचे. या 24 तासांत गाडी चालवायची नाही, मोटरसायकलवर मागेही बसायचं नाही, दारूला शिवायचं नाही, आणि कुठल्याही कागदावर सही-अंगठा करायचा नाही. हसू नका, बेळगावला आलोच आहोत तर जाता जाता सोसायटीचं काम उरकू म्हणून तपासणीनंतर थेट कर्जाच्या कागदांवर सही करायला नेलेले लोक मी बघितलेत.

घशाला नुसता बधिर करायचा फवारा मारून, इंजेक्शन न देता तपासणी झाली असेल तर यातलं काहीच लागू नाही. तासाभराने घसा मोकळा झाला की माणूस बसने एकटा घरी जाऊ शकतो. तेव्हा निघायच्या आधी एकच गोष्ट विचारा, "सिस्टर, नुसता फवारा होता की झोपेचंही इंजेक्शन दिलंय?" पुढचा सगळा दिवस त्या उत्तरावर ठरतो.

तुमच्या आत्यांना इंजेक्शन आहे, म्हणून गाडी करा. ते परवडत नसेल तर बस चालेल. त्यांना खिडकीकडे बसवा, तुम्ही वाटेच्या बाजूला बसा आणि पिशवी मांडीवर न घेता दोन्ही हात मोकळे ठेवा. मिस्टरांची मोटरसायकल मागून येऊ दे. चोर्ल्याच्या रस्त्याची वळणं रिकाम्या पोटी त्रास देतात, एखादी जाड पिशवी जवळ असू दे. आणि बेळगावात वडगाव, शहापूर, अनगोळ, कुठेही जवळचं माणूस असेल तर ती एक रात्र तिथेच काढा, असं मी मनापासून सांगेन. तुमच्या भागात पुढे जंगलपट्ट्यात रेंज मिळत नाही, पावसात गाडी दारापर्यंत येत नाही. पहिल्या रात्री दवाखाना पंधरा मिनिटांवर असणं हीच मोठी सोय आहे.

आता विसरण्याबद्दल. मिडाझोलाम दिल्यावर पुढचा तास-दोन तास मेंदूत नवीन गोष्ट टिकत नाही. आत्या डोळे उघडून विचारतील, "झालं काय गं? नळी घातली काय?" तुम्ही झालं म्हणाल. दोन मिनिटांनी पुन्हा तेच विचारतील. माझ्याकडे एका मामांनी दहा मिनिटांत चार वेळा विचारलं होतं, दर वेळी तितक्याच कुतूहलाने. लेकीला रडू आलं, वडिलांना काही झालं की काय म्हणून. ते औषधाचं काम आहे, उतरतं. पण याचा खरा तोटा वेगळाच होतो. डॉक्टर येऊन पेशंटच्या उशाशी उभे राहून सगळं सांगतात, पेशंट मान डोलावतो, घरचे बाहेर चहाला गेलेले असतात आणि घरी गेल्यावर कुणालाच काही आठवत नाही. म्हणून डॉक्टर बोलतील तेव्हा तुम्ही तिथे हवंच. कागद इंग्रजीत असतो. सिस्टरला म्हणा, मला मराठीत वाचून दाखवा. आमच्या इथे बहुतेक जणी मराठी-कानडी दोन्ही बोलतात, कुणी नाही म्हणणार नाही. विचारून मोबाईलवर ते बोलणं रेकॉर्ड करून घ्या. गोव्यात मिस्टरांनाही ऐकवता येईल.

आता खाण्यापिण्याकडे येते, पण खाण्याआधी घसा. नळी साधारण करंगळीएवढी जाड असते, ती जाताना उमासा येऊ नये म्हणून घशात बधिर करायचा फवारा मारतात. तो कडू लागतो, आणि अर्धा तास ते तासभर घसा आपला वाटत नाही. या वेळात गिळलेलं पाणी अन्ननलिकेत जाण्याऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि बधिर असल्यामुळे ठसकाही वेळेवर येत नाही. छातीत गेलेल्या घोटभर पाण्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. रात्रीपासून उपाशी माणूस, त्यात आपल्याकडची चहाची सवय. गेटवरच्या टपरीवरून प्लास्टिकच्या कपात कढत चहा येतो आणि मुलगी प्रेमाने आईच्या तोंडाला लावते. एका बाईंची जीभ आणि टाळू त्या चहाने अशी पोळली होती की तपासणीचा त्रास काहीच नाही, पोळल्याचाच आठवडाभर झाला. बधिर तोंडाला कढत कळतच नाही.

आमच्याकडे मी काय करते ते सांगते, घरीही तसंच करा. फवाऱ्याला तासभर होऊन गेला की आत्यांना ताठ बसवा. निजून नाही, टेकूनही नाही. आधी थुंकी गिळायला सांगा. नीट गिळली की एक चमचा साधं पाणी द्या. मिनिटभर थांबा. ठसका नाही, आवाज घोगरा-ओला झाला नाही, तर दुसरा चमचा. मग दोन घोट. ते उतरले की अर्धा कप. ठसका लागला तर थांबून अर्ध्या तासाने परत बघा. कवळी असेल तर ती याच्यानंतर बसवा, आधी नाही. आणि मिश्री लावायची सवय असेल तर त्या दिवशी डबी लांब ठेवा. निपाणी भागातल्या बायका मला खूप भेटतात, तोंड धुतल्याबरोबर हात मिश्रीकडे जातो. घसा बधिर असताना तंबाखूची ती लाळ कुठे उतरेल सांगता येत नाही, आणि जळजळीच्या पोटात तंबाखू तसाही आगीत तेलच.

घसा मोकळा झाल्यावर पहिलं जेवण हलकं आणि कोमट. नाचणीची आंबील, भाताची पेज, मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण, दूध-भात, केळं. हे एवढं त्या एका दिवसापुरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घसा बरा वाटत असेल तर नेहमीचं जेवण सुरू करा. चिमटीएवढा तुकडा काढला म्हणून आठ-आठ दिवस पेजेवर ठेवलेले पेशंट मी बघितलेत. शुगरच्या माणसाला ते उलट बाधतं. तुकडा म्हणजे किती, तर तिळा-मोहरीएवढा, दोन-तीन मिलिमीटर. पोटाच्या आतल्या आवरणाला तो काढल्याचं दुखतही नाही. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, ठेचा, तांबडा रस्सा एक-दोन दिवस बाजूला राहिलेलं बरं, घसा सोललेला असतो म्हणून. आत अल्सर निघाला तर तिखटाचं डॉक्टर वेगळं सांगतील.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो मी ठळकपणे सांगते, कारण आपल्या भागात लिव्हरचे पेशंट कमी नाहीत. लिव्हर खराब झाल्यावर अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि त्यांना एंडोस्कोपीतूनच रबरी रिंगा बांधतात, बँडिंग म्हणतात त्याला. अशा माणसाला पहिला दिवस पातळ आणि पुढचे काही दिवस अगदी मऊ खाणं. रिंग पाच ते दहा दिवसांत आपोआप गळते आणि तिच्या जागी जखम उरते. कडक भाकरीचा कोपरा तिथे घासला तर रक्त येऊ शकतं. तेव्हा अशा घरात दोन आठवडे भाकरी दुधात-वरणात कुस्करून. जोर करून खोकलणं, कुंथणं, जड उचलणं टाळायचं, आणि दारू तर कायमची बंद. पॉलिप, म्हणजे आतल्या आवरणावर वाढलेली गाठ, काढला असेल किंवा अन्ननलिका अरुंद होती म्हणून फुगा घालून रुंद केली असेल तरी जपायचे दिवस वाढतात. तुमच्या आत्यांचं यातलं काही ठरलेलं नाही, पण कागदावर नेमकं काय केलंय ते विचारून घ्या. "नुसती बघितली" आणि "आत काहीतरी केलं" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गोळ्यांचं. शुगरच्या गोळीचा नियम सोपा, पोटात अन्न गेल्याशिवाय द्यायची नाही. सकाळी उपाशी ठेवून गोळी किंवा इन्सुलिन दिलं की शुगर खाली येते. घाम, थरथर, कासावीस होणं, असंबद्ध बोलणं. आणि झोपेच्या औषधाची गुंगी समजून घरचे गप्प बसतात. हे धोक्याचं आहे. घरी शुगरचं मशीन असेल तर पिशवीत घ्या आणि घरी पोचल्यावर एकदा बघा. 70 च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. गिळता येत नसेल, नीट जाग नसेल तर तोंडात काहीच घालू नका, दवाखान्यात न्या. इन्सुलिन असेल तर त्या दिवशीचा डोस किती हे बुधवारीच डॉक्टरांना विचारून ठेवा. बीपीची गोळी बहुतेक वेळा तपासणीच्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. तशी घेतली असेल तर घरी आल्यावर दुसरी देऊ नका. आमच्याकडे सून देते, मग मुलगा देतो, आणि संध्याकाळी चक्कर येते.

रक्त पातळ करायच्या गोळीचं मी ठरवून सांगू शकत नाही, आणि तुम्हीही ठरवू नका. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन, सगळ्यांचं गणित वेगळं आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, घातलेल्या माणसाने गोळी मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, ते तुकड्याच्या जागी येणाऱ्या दोन थेंब रक्तापेक्षा कितीतरी वाईट. गोळीचं पाकीट सोबत आणा, ते डॉक्टरांपुढे ठेवा आणि "ही कुठल्या दिवशी, किती वाजता परत सुरू करायची" ते तारखेसह लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत बदलतं.

ॲसिडची गोळी दिली, पॅन्टोप्राझोल किंवा तसली, तर ती सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. जेवणानंतर दिली तर तिचं काम अर्धवट होतं.

घरी आल्यावर जे होणारच आहे त्याची भीती बाळगू नका. घसा एक-दोन दिवस खवखवेल, आवाज बसेल. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या, पण घसा पूर्ण मोकळा झाल्यावर. पोट फुगल्यासारखं वाटेल, ढेकर येतील, कारण आत नीट दिसावं म्हणून हवा भरलेली असते. डाव्या कुशीवर निजवा, अंगणात दोन फेऱ्या मारू दे, संध्याकाळपर्यंत मोकळं होईल. एखाद वेळी थुंकीत रक्ताची बारीक रेघ दिसेल. सलाईनच्या सुईची जागा निळी पडेल, जरा कडक लागेल, तिथे शेक द्या. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं, लिव्हरचा त्रास असेल तर मात्र आधी विचारून. पण मेडिकलमधून सुटी "अंगदुखीची गोळी" आणू नका. त्यात डायक्लोफेनॅक किंवा ब्रुफेनसारखं काहीतरी असतं आणि ते थेट पोटाच्या आवरणालाच लागतं. जळजळीचं मूळच कित्येकदा ती गोळी असते. ऊस तोडून आलेली, यंत्रमागावर दहा-दहा तास उभी राहिलेली माणसं रोज एक घेतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण ती त्यांच्या लेखी औषधच नसते. आत्याही घेत असतील तर गुरुवारी सांगून टाका.

पहिल्या रात्री त्यांना एकटं निजवू नका. कुशीवर, डोकं थोडं वर. रात्री उठल्या तर तुम्ही सोबत जा, न्हाणीला आतून कडी लावू देऊ नका. चुलीजवळ, गॅसजवळ काम नको, विळी नको, नातवंड कडेवर नको, म्हशीची धारही नको. घरात कुणी झोपेची गोळी घेत असेल तर ती त्या रात्री आत्यांच्या हाती लागू देऊ नका, एकावर एक चढतं. उद्यमबागेतल्या फौंड्रीत किंवा मागावर काम करणाऱ्यांना मी तर दुसऱ्या दिवसाचीही रजा घ्यायला लावते. घरी कडबा कुट्टीचं मशीन चालवणारी बोटं 24 तास त्याच्यापासून लांब ठेवा.

आता घाबरायचं कशाला ते. नळीने अन्ननलिकेला किंवा जठराला भोक पडणं अत्यंत दुर्मिळ आहे, नुसत्या बघायच्या तपासणीत हजारो लोकांत एखाद्याला. पण पडलं तर तास मोजून हालचाल करावी लागते. तेव्हा छातीत, मानेत किंवा पोटात दुखायला लागलं आणि ते कमी होण्याऐवजी वाढतच गेलं, ढेकर देऊनही उतरलं नाही, पोट पाटीसारखं कडक लागलं, तर ओवा, सोडा, लिंबूसरबत करत बसू नका. तोंडाने काहीही देऊ नका आणि निघा. गळ्याजवळ सूज येऊन हात लावल्यावर कातडीखाली चुरमुरे दाबल्यासारखी करकर लागली तर ती आतली हवा बाहेर आलेली असते. मी हे 22 वर्षांत एकदाच बोटांनी अनुभवलंय, फुगा घालून अन्ननलिका रुंद केलेल्या पेशंटमध्ये. त्याच्या बायकोने मानेला बाम चोळताना ते हेरलं आणि नवऱ्याला रात्रीच परत आणलं. माणूस वाचला.

दुसरं रक्त. उलटीत लाल रक्त, किंवा चहाच्या चोथ्यासारखं काळपट पडलं, तर थांबायचं नाही. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं झालं, तरी तेच. लोहाच्या गोळीनेही शौच काळं होतं, पण ते असं चिकटत नाही आणि त्याला तो वास नसतो. खेड्यात बाहेर बसायची सवय असलेली म्हातारी माणसं हे बघतही नाहीत आणि सांगतही नाहीत. तेव्हा लाज न बाळगता तुम्हीच विचारा, आठवडाभर. सोबत चक्कर, गार घाम, छाती धडधडणं असेल तर रक्त बरंच गेलंय असं समजा. तिसरं, ताप आणि थंडी, खोकला, धाप. आणि चौथं, पाणीही गिळता न येणं, किंवा हलवून उठवलं तरी नीट न उठणं.

यातलं काही झालं तर 108 लावा. सीमेवरच्या गावांत फोन लागल्यावर आधी गाव, तालुका आणि जिल्हा सांगा, मग बाकीचं. पलीकडचा माणूस कानडीच बोलत असेल तर घाबरून फोन ठेवू नका. एवढे शब्द पुरतात: रक्ताची उलटी म्हणजे रक्त वांती, छातीत दुखतंय म्हणजे एदे नोवु, पोटात दुखतंय म्हणजे होट्टे नोवु, श्वासाला त्रास म्हणजे उसिराटद तोंदरे. आणि "एंडोस्कोपी" हा शब्द दोन्ही भाषांत तोच, तो पहिल्या वाक्यातच सांगा. अथणी-कागवाडकडचे लोक मिरजेला जातात, निपाणीचे कोल्हापूरला, आणि ते बरोबरच आहे. तपासणी झालेल्या दवाखान्याचा हट्ट धरू नका. जवळचा मोठा दवाखाना गाठा, कागद मात्र बरोबर हवा. त्या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, तुमच्या आणि मिस्टरांच्याही.

तुकड्याविषयी दोन शब्द. "तुकडा काढला" ऐकलं की घरात कॅन्सरच येऊन बसतो. एंडोस्कोपीत तुकडा फार सहज काढतात, सूज कशाची आहे ते कळायला, आणि पोटातला हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू बघायला. जंतूची एक तपासणी तर तिथल्या तिथे होते, तुकडा पिवळ्या औषधात टाकायचा आणि ते गुलाबी-लाल झालं की जंतू आहे. जंतू निघाला तर बहुधा चौदा दिवसांचा गोळ्यांचा कोर्स देतात. तोंडाला धातूसारखी कडू चव येते आणि लोक पाचव्या दिवशी सोडून देतात. सोडू देऊ नका, अर्धवट कोर्सने जंतू चिवट होतो.

काही ठिकाणी तुकड्याची बाटली नातेवाइकाच्याच हातात देऊन लॅबला पाठवतात. तुमच्या हाती दिली तर आतलं पाणी ओतू नका. एका गृहस्थांनी वास येतो म्हणून ते फेकून नळाचं स्वच्छ पाणी भरून नेलं होतं. ते फॉर्मलीन असतं, तुकडा त्यातच टिकतो. साध्या पाण्यात तो खराब झाला आणि त्यांच्या आईला पुन्हा नळी घालावी लागली. झाकण घट्ट, बाटली उभी, वर आत्यांचं नाव आणि तारीख आहे का ते बघून घ्या, आणि वाटेत कुठे न थांबता आधी लॅब.

रिपोर्ट यायला थोडे दिवस लागतात, नेमका दिवस तिथेच विचारा. तो आणायला मिस्टर एकटेच जातो म्हणतील, पण दाखवायला जाल तेव्हा आत्यांना बरोबर न्या. वजन उतरलंय म्हणालात, ते डॉक्टरांनी काट्यावर बघायला हवं, आणि तोपर्यंत दर आठवड्याला गावातल्या दुकानाच्या काट्यावर त्यांना उभं करून आकडा वहीत लिहून ठेवलात तर फार बरं होईल.